उंबरठ्यावरचा डोळा

ज्या दैत्यास घरात वा बाहेर, दिवसा वा रात्री, भूमीवर वा आकाशात मरण नव्हते, त्याचा वध उंबरठ्यावर, तिन्हीसांजेस, मांडीवर झाला. वराची ती कलमे कोणाही वकिलास हेवा वाटावा इतकी चोख होती, हे जाता जाता नमूद करतो. चित्रपट काढणाऱ्यास मात्र त्या कथेत आणखी एक प्रश्न दिसावयास हवा : हा वध पाहणारा डोळा कोठे उभा करावा?

अश्विन कुमार यांचा ‘महावतार नरसिंह’ हा ॲनिमेशनपट जुलै २०२५ मध्ये प्रदर्शित झाला; आम्ही तो सुरतेस पाहिला. स्तंभ दुभंगताच शेजारच्या वृद्ध गृहस्थांनी हात जोडले, आणि आमचेही हात नकळत जुळले. पण ती भक्ती आम्ही घरूनच आणली होती. चित्रपटाने तीत किती भर घातली, याचा हिशेब निराळा मांडला पाहिजे.

चित्रे हाताने काढीत तेव्हा कॅमेरा टेबलाच्या वर, तोंड खाली करून बसविलेला असे. पात्राभोवती फिरावयाचे म्हणजे दर वळणास नवी पार्श्वभूमी रंगवावयाची. त्यामुळे प्रत्येक दृश्याचा ‘लेआउट’, म्हणजे क्षितिज कोठे, पात्र केवढे, नजर खालून की वरून, हे आधी कागदावर पक्के होई. युगो साको, कोइची सासाकी व राम मोहन यांचे १९९२ सालचे जपानी-भारतीय ‘रामायण’ जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा चित्रगृहांत आले, तेव्हा या शिस्तीचे मोल कळले. कुंभकर्ण रणात उतरतो तेथे पायाशी चिमुकले वानर आणि वर डोंगराएवढा देह. भय वाटते ते या प्रमाणामुळे.

संगणकातील कॅमेऱ्यास वजन नाही आणि भिंतीचा अडथळाही नाही. ‘महावतार’च्या अखेरच्या प्रदीर्घ युद्धात तो इतका भिरभिरतो की, आत कोणते व बाहेर कोणते, याचे भान सुटते. वर मोडण्याची सारी युक्ती ज्या उंबरठ्यावर आहे, तो येतो तेव्हा स्थळ म्हणून त्याची ओळखच उरलेली नसते. नरसिंहाचे रौद्र रूप उत्तम घडविले आहे, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. त्यास निवांत पाहू दिले नाही, ही आमची तक्रार. वेलिंगच्या लक्ष्मीनृसिंहासमोर आपण सभामंडपात उभे राहतो आणि गाभाऱ्याच्या चौकटीतून देव दिसतो. कोणी देवाच्या खांद्यावरून डोकावीत नाही.

या मालिकेतील पुढचा भाग परशुरामावर जाहीर झाला आहे. आम्हां कोकणच्या लोकांस त्यात विशेष रस. बाण सुटेल, समुद्र मागे हटेल. तेव्हा कॅमेरा बाणावर बसून जाणार, की परशुरामाच्या पाठीशी कड्यावर थांबून ओल्या वाळूची पहिली रेघ उघडी पडताना आम्हांस पाहू देणार?