निर्देशांची संख्या आणि विचारांचे वजन

संशोधकाच्या लेखांची व त्यांना मिळालेल्या निर्देशांची संख्या मोजून त्याच्या कार्याचे मूल्य ठरविण्याची पद्धत आता विद्यापीठांत रुळली आहे. नेमणूक, बढती, अनुदान यांचे निर्णय या आकड्यांवर अवलंबू लागल्यामुळे ते नेमके काय सांगतात, हा प्रश्न केवळ तात्त्विक राहिलेला नाही. अमेरिकन मज्जाविकारतज्ज्ञ नॉर्मन गेश्विंड (१९२६–१९८४) यांचे लेखन या दृष्टीने उद्बोधक आहे. भाषाविज्ञानाच्या अभ्यासकास तर ते परके नाही.

१९६५ साली ‘ब्रेन’ या नियतकालिकात गेश्विंड यांचा विच्छेदजन्य विकारांवरील प्रबंध दोन भागांत प्रसिद्ध झाला. मेंदूतील केंद्रे शाबूत असूनही त्यांना जोडणारे मार्ग तुटल्यास विशिष्ट विकार उद्भवतात, हे त्याचे मुख्य प्रतिपादन होय. ऐकलेले समजते, बोलणे ओघवते असते, परंतु ऐकलेला शब्द पुन्हा उच्चारता येत नाही, अशा वाचाविकाराची उपपत्ती या मार्गाने लावता येते. मात्र ही कल्पना मुळात गेश्विंड यांची नव्हे. कार्ल व्हेर्निके यांनी १८७४ साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, जर्मन भाषेत तिचा पाया घातला होता. लेखन शाबूत राहून वाचन मात्र नष्ट झालेला रुग्ण देजरीन यांनी १८९२ साली फ्रेंचमध्ये वर्णिला होता. इंग्रजी वैद्यकात मागे पडलेली ही परंपरा गेश्विंड यांनी पुन्हा उजेडात आणली आणि १९६२ साली ईडिथ कॅप्लान यांच्यासह वर्णिलेल्या रुग्णाच्या निरीक्षणाशी तिचा सांधा जुळविला. या प्रबंधाची थोरवी नव्या शोधात जितकी, तितकीच जुन्याच्या साक्षेपी वाचनात आहे. पुढील लेखक मूळ जर्मन ग्रंथ न पाहता गेश्विंड यांचाच निर्देश करून थांबतो, तेव्हा श्रेयाची नोंद एका ठिकाणी होते आणि ऋण दुसऱ्याच ठिकाणी राहते.

वॉल्टर लेविट्स्की यांच्यासह १९६८ साली ‘सायन्स’मध्ये लिहिलेला लेख याहून निराळ्या जातीचा आहे. त्यात १०० मेंदूंची तपासणी करून भाषेशी संबंधित एक पृष्ठभाग ६५ मेंदूंत डावीकडे, ११ मेंदूंत उजवीकडे अधिक मोठा आढळल्याचे नोंदविले आहे. हा लेख काही पृष्ठांचाच आहे. परंतु त्यातील मोजणी कोणासही पुन्हा करून पाहता येते. त्याचा निर्देश म्हणजे एका निरीक्षणाची पावती होय.

डावखुरेपणा, मेंदूची वाढ व रोगप्रतिकारसंस्थेचे विकार यांचा संबंध जोडणारा गेश्विंड यांचा सिद्धांत तिसऱ्या प्रकारात मोडतो. आल्बर्ट गॅलाबर्डा यांच्यासह लिहिलेले त्याचे विस्तृत विवेचन १९८५ साली, मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाले. त्याने विपुल संशोधनास चालना दिली, हे खरे; पण १९९४ साली ब्रायडन, मॅकमॅनस व बुलमन-फ्लेमिंग यांनी उपलब्ध पुरावा तपासून तो सिद्धांतास पुरेसा आधार देत नाही, असा निष्कर्ष काढला. हे खंडनही गणनेत निर्देश म्हणूनच जमा होते.

हर्श यांनी २००५ साली सुचविलेल्या निर्देशांकात ही अडचण अधिक स्पष्ट होते. ज्या संशोधकाच्या दहा लेखांस प्रत्येकी किमान दहा निर्देश आहेत, पण अकरा लेखांस प्रत्येकी अकरा नाहीत, त्याचा अंक दहा. म्हणून एखाद्या लेखाने सबंध शास्त्राची दिशा बदलली, तरी त्या अंकात त्याची भर एकाचीच. तोच प्रबंध दोन भागांत छापला गेला तर मात्र भर दोहोंची होऊ शकते.

गेश्विंड यांची कीर्ती आणि त्यांची संख्या जुळतात, मग गणनेत दोष कोणता, असे कोणी विचारील. निष्कर्ष जुळला, तरी त्याची कारणे संख्येतून कळत नाहीत, हाच तो दोष. पुनरुज्जीवन, निरीक्षण आणि विवाद्य सिद्धांत ही तीन भिन्न कार्ये. गणना त्यांस एकाच नाण्याने मोजते. निर्देशसूचीची कल्पना मांडणारे यूजीन गारफील्ड यांनी १९५५ साली तिचा एक उपयोग असा सांगितला होता की, पूर्वीच्या लेखावर पुढे कोणती टीका झाली हे अभ्यासकास कळावे. सूची ही वाचनाची वाट दाखविण्यासाठी होती. वाचनाची जागा घेण्यासाठी नव्हे. व्हेर्निके यांचा ग्रंथ पुन्हा उघडताना गेश्विंड यांनी त्यास किती निर्देश मिळाले आहेत, हे पाहिले असते, तर १९६५ चा प्रबंध लिहिला गेला असता काय, हा प्रश्न मूल्यमापन करणाऱ्यांनी स्वतःस विचारावयास हवा.