टाकीचा घाव आणि घावाचे सोंग

ऐतिहासिक चित्रपटाच्या पोस्टरवरचे ‘दगडी’ अक्षर जरा जवळून पाहा. ‘महाराजा’ या शब्दात तीन काने, आणि तिन्ही कान्यांचा टवका नेमका एकाच जागी उडालेला! पाथरवटाच्या हातून असे होणे नाही. कोरीव वळणाच्या आजच्या फॉन्टांचे दुखणे या टवक्यात दिसते. त्यांनी दगडाची झीज उचलली, कोरणे मात्र उचलले नाही.

जर्मनीतल्या रुडॉल्फ कोख यांचे ‘नॉयलांड’ (1923) हे अक्षरवळण याच्या नेमके उलट होते. ऑफेनबाखच्या क्लिंगस्पोर फाउंड्रीसाठी कोख यांनी आधी रेखाटन न करता खिळ्यांसाठीच्या पोलादी पंचावर, म्हणजे ठशावर, थेट अक्षरे कापली. प्रत्येक आकाराचे पंच वेगळे कापल्याने लहान आणि मोठ्या खिळ्यांतल्या अक्षरांचा बांधा थोडा निराळा झाला. अक्षराचा ठोकळेबाज, बोजड डौल धातूशी झालेल्या झटापटीतून आला. डिजिटल नॉयलांड मात्र एकाच आराखड्याला हवे तेवढे फुगवते. पुढे जंगल, आफ्रिका, आदिमानव असे काहीही ‘रानटी’ दाखवायचे झाले की हेच वळण वापरायची सवय पडली. ‘जुरासिक पार्क’च्या (1993) बोधचिन्हातही ते आहे. हत्याराची खूण अशी पूर्वग्रहाची खूण झाली.

कोख यांचे शिष्य बर्थोल्ड वोल्पे अधिक शहाणे निघाले. ब्राँझच्या पाटीवर भोवतालचा धातू काढून अक्षर उठावात ठेवायचे, ही त्यांची रीत. त्यातून 1930च्या दशकात मोनोटाइपसाठी ‘अल्बर्टस’ घडले. त्यात टवका नाही, भेग नाही. टोकाकडे किंचित रुंदावणारी रेघ तेवढी आहे. तरीही ते कोरीव वाटते. लंडनच्या ‘सिटी’ भागातल्या रस्त्यांच्या पाट्यांवर आजही ते शोभते.

देवनागरीत काम याहून अवघड. जोडाक्षरे धरून शेकडो आकार घडवावे लागतात. म्हणून एकदा बनवलेला काना सगळीकडे चिकटवण्याचा मोह होतो. त्यातून शिरोरेषा! दगडावर ती शब्दभर सलग जाते. फॉन्टमध्ये तिचे अक्षराअक्षरागणिक तुकडे असतात, आणि त्यांच्या कडा खडबडीत केल्या की सांधे उघडे पडतात. ओपनटाइप या फॉन्ट-प्रकारात एकाच कान्याची चार रूपे ठेवून ती शेजार पाहून आलटून पालटून बसवता येतात. त्यासाठी लागणारी मेहनत फारच थोडे फॉन्ट घेतात.

पण रूपे वाढवून सोंगच सुधारेल. खरा प्रश्न टाकीचा आहे: वेलांटीच्या वळणावर ती कशी फिरेल, ‘ळ’च्या गाठीत कुठे अडेल, कोणती रेघ एका घावात सरळ जाईल? याची उत्तरे ज्या अक्षरात सापडतील, त्याला भेगांची रंगरंगोटी लागणार नाही. मग तीनही काने हुबेहूब सारखे असले तरी खपून जाईल.