क्षेम तागायत : कौटुंबिक पत्राचा एक उपेक्षित संकेत

जुन्या मराठी पत्रांचे वाचन बहुधा 'विशेष' या शब्दापासून सुरू होते. नमस्कार-आशीर्वाद व क्षेमसमाचार आटोपले की हा शब्द येतो आणि मूळ मजकुरास प्रारंभ होतो. वि. का. राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध केला, गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड १९३० नंतरच्या काही वर्षांत निघाले. या कार्याचे मराठीवरील ऋण फार मोठे आहे. परंतु इतिहासकारास मोहिमा, कर्जे व कारस्थाने हवी असतात आणि ती 'विशेष'च्या पुढेच सापडतात. वाङ्मयसमीक्षेनेही हीच वाचनपद्धती निमूटपणे पत्करली. ही मात्र तिची चूक होय.

'विशेष'च्या अलीकडील वाक्य साधारणपणे असे असे : येथील कुशल तागायत अमुक दिवस जाणून स्वकीय कुशल लिहीत असावे. यातील 'तागायत' हा शब्द मननीय आहे. 'आम्ही कुशल आहोत' असे हे वाक्य म्हणत नाही. 'या दिवसापर्यंत कुशल आहोत' एवढेच म्हणते. पत्र पोहोचेपर्यंत आठवडे जावयाचे, क्वचित महिने. तेवढ्या अवधीत घरात ताप शिरलेला असेल, एखादे माणूस उठून गेलेले असेल. म्हणून लिहिणारा आपल्या वचनाची मर्यादा वचनातच नोंदवून ठेवतो. दूरस्थ आप्तास खोटा दिलासा न देता धीर द्यावयाचा, ही अवघड गोष्ट एका शब्दाने साधली आहे.

हा सारा कारकुनी साचा आहे, त्यात भावना कोठली, असा आक्षेप घेतला जाईल. साचा आहे हे खरे. परंतु ओवीचा छंदही साचाच असतो. म्हणून ओवीतील दुःख कोणी कृत्रिम मानीत नाही. भावना अनावर झालेल्या माणसासही आधी आपली खुशाली कळवावयास व दुसऱ्याची विचारावयास लावणे, हे या साच्याचे सामर्थ्य आहे.

साच्याबाहेर बातमी कशी येते याचे दारुण उदाहरण पानिपतचे आहे. १४ जानेवारी १७६१ च्या पराभवानंतर औरंगाबादच्या सावकारांसाठी निघालेले एक पत्र नानासाहेब पेशव्यांच्या छावणीत फोडले गेले, अशी नोंद ग्रँट डफ यांनी १८२६ च्या आपल्या इतिहासात केली आहे. मोती, मोहरा, रुपे व तांबे यांच्या हानीचा तो हिशेब होता. त्यातील दोन मोती म्हणजे विश्वासराव व सदाशिवरावभाऊ : एक पेशव्यांचा पुत्र, दुसरा चुलतबंधू. पित्याने पुत्राचा मृत्यू परक्याच्या हिशेबी भाषेत वाचला. तेथे कुशल विचारणारे कोणी नव्हते. त्याच वर्षी जूनमध्ये नानासाहेबांचे निधन झाले.

याच्या उलट टोकास आनंदीबाई जोशी यांचा पत्रव्यवहार उभा आहे. न्यू जर्सीतील रोझेल येथील श्रीमती कार्पेंटर यांचे व त्यांचे कोणतेही नाते नव्हते. आनंदीबाई कलकत्त्यास असताना डोकेदुखी, अशक्तपणा व ताप यांनी त्रस्त होत्या. ते कळल्यावर कार्पेंटरबाईंनी अमेरिकेहून औषधे धाडली. औषधांनी गुण आला नाही, पण नाते जडले. १८८३ मध्ये आनंदीबाई अमेरिकेत उतरल्या त्या या मावशीच्याच घरी. रक्ताच्या नात्यामुळे प्रकृतीची चौकशी होते, असा सामान्य समज आहे. येथे चौकशीतून नाते निर्माण झाले. १८८६ मध्ये पदवी घेऊन त्या परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने त्यांचा अंत झाला. त्यांच्या पत्रांतील प्रकृतीचा प्रत्येक उल्लेख आज वाचताना अंगावर येतो, कारण लिहिणारीस ठाऊक नसलेला पुढचा दिवस वाचणारास ठाऊक असतो. 'तागायत' हा शब्द तेथे लिहिलेला नसला, तरी त्याचा अर्थ प्रत्येक ओळीत आहे.

भारतातील तारसेवा २०१३ मध्ये बंद झाली, आणि आता परदेशातील लेकीस आईचा ताप त्याच क्षणी कळतो. अंतराने निर्माण केलेला तो संकेत त्यामुळे अनावश्यक वाटू लागला आहे. पण 'सर्व ठीक' हे दोन शब्द कितीही वेगाने पोहोचले, तरी त्यांची मुदत वाढत नाही; केवळ तिचा विसर पडतो. जुन्या पत्रलेखकास तो पडत नसे. पत्रवाङ्मयाच्या समीक्षेने आपले वाचन 'विशेष'च्या अलीकडे, त्या मितीपाशी सुरू करावयास हवे. माणसे एकमेकांस काय कळवीत हे इतिहासाने सांगितले आहे. कळविण्यापूर्वी ती एकमेकांची कशी वास्तपुस्त करीत, हे सांगणे वाङ्मयविचाराचे काम आहे.