वेडा की ‘इन्हेनिओसो’?

शाळेत स्पॅनिश घेतलं असेल, तर स्वभावाच्या विशेषणांची यादी तुम्ही पाठ केलीच असेल: ‘सिम्पातिको’ मनमिळाऊ, ‘तिमिदो’ लाजाळू. एक शब्द चिकटवला की माणूस संपला! आता सेर्व्हान्तेसच्या १६०५ च्या कादंबरीचं शीर्षक बघा. पवनचक्क्यांना राक्षस समजून भिडणाऱ्या डॉन किहोतेला कादंबरीतले लोक सर्रास ‘लोको’, म्हणजे वेडा म्हणतात. शीर्षक मात्र त्याला ‘इन्हेनिओसो’ म्हणतं. तल्लख बुद्धी आणि मोकाट सुटलेली कल्पनाशक्ती, दोन्ही त्यात आलं. १६१५ च्या दुसऱ्या भागाच्या शीर्षकात ‘इदाल्गो’, म्हणजे किरकोळ उमराव, जाऊन ‘काबायेरो’, म्हणजे शूर सरदार, आला. विशेषण तेच राहिलं. लोकांचा शिक्का आणि लेखकाची नजर यांतलं अंतर त्या एका शब्दात आहे. तुमच्या यादीत तो नसेल, तर लिहून घ्या.