ब्रूस हेन्स आणि स्वरलिपीचं ग्रंथप्रामाण्य

ब्रूस हेन्स हे नाव आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या कानावरून गेलेलं नसेल. जन्म १९४२, अमेरिकेतल्या केंटकी राज्यातलं लुईव्हिल. मृत्यू २०११, कॅनडातलं मॉन्ट्रियल. पेशाने ओबोवादक. ओबो म्हणजे आपल्या सनईचा दूरचा भाऊबंद, दुहेरी रीडचं लाकडी वाद्य. साठच्या दशकात हा माणूस ॲमस्टरडॅमला जाऊन फ्रान्स ब्रुखेन यांच्याकडे रेकॉर्डर शिकला, नंतर बॉस्टनला फ्रीडरिश फॉन ह्यूने यांच्या कारखान्यात वाद्यं घडवायला शिकला, मग कॅलिफोर्नियात स्वतःची कार्यशाळा काढून अठराव्या शतकातल्या ओबोच्या प्रतिकृती करू लागला. पुढे हेगच्या रॉयल कॉन्झर्व्हेटरीत शिकवलं. डॉक्टरेट १९९५ साली, म्हणजे त्रेपन्नाव्या वर्षी. आधी हात, मग ओठ, मग लेखणी, हा क्रम ध्यानात ठेवा. तत्त्वज्ञानाच्या मास्तरांचा बहुधा उलटा असतो!

त्यांच्या प्रबंधाचा विषय होता स्वरपट्टी. आपल्याकडे गवई आपल्या गळ्याला झेपेल तो षड्ज धरतो आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. युरोपात मात्र ‘ए’ म्हणजे ४४० कंपनं, असं १९३९ च्या लंडन परिषदेत ठरलं. जुनं संगीत वाजवणाऱ्यांनी मग ४१५ हा आकडा धरला. का? तर तो बरोबर अर्ध्या स्वराने खाली येतो, सोयीचा आहे. हेन्स यांनी जुन्या वाद्यांची मापं जमवून २००२ च्या ग्रंथात दाखवलं, की बाखच्या काळात एकाच गावात दोन-दोन पट्ट्या नांदत होत्या. लाइपझिगला चर्चचा ऑर्गन इतर वाद्यांपेक्षा एक स्वर चढा, म्हणून बाखच्या कँटाटांतल्या ऑर्गनच्या कागदावर सगळं एक स्वर खाली उतरवून लिहिलेलं असतं. कागदावरचा स्वर आणि कानावर पडणारा स्वर एक नव्हेत. हेन्स यांचा सगळा पुढचा विचार या साध्या गोष्टीतून निघतो, असं आम्हाला वाटतं.

त्यांचं गाजलेलं पुस्तक २००७ चं, ‘द एंड ऑफ अर्ली म्युझिक’. त्यात ते वादनाच्या तीन शैली मांडतात: रोमँटिक, आधुनिक आणि कालानुरूप. आधुनिक शैलीचं वर्णन ते जे करतात त्याला मराठीत ‘नाकासमोर चालणारी’ म्हणावं. लिहिलेलं तेवढंच वाजवा, मध्ये स्वतः येऊ नका. हेन्स म्हणतात, हे स्वरलिपीचं ग्रंथप्रामाण्य झालं (शब्द अर्थात आमचा), आणि ते १८०० च्या सुमाराला आलेल्या रोमँटिक विचाराचं अपत्य आहे. त्याआधी संगीत हे वक्तृत्व होतं. लिपी म्हणजे कीर्तनकाराच्या हातातलं टाचण. टाचण वाचून दाखवलं म्हणजे कीर्तन झालं असं कोणी म्हणत नाही.

इथवर आम्ही त्यांच्याबरोबर आहोत. शंका पुढे येते. लिपी प्रमाण नाही, तर प्रमाण काय? हेन्स म्हणतील, शैली. पण अडीचशे वर्षांपूर्वीची शैली कळते कशावरून? क्वांट्झने १७५२ साली लिहिलेल्या ग्रंथासारख्या ग्रंथांवरूनच ना? म्हणजे पुढच्या दाराने घालवलेलं ग्रंथप्रामाण्य मागच्या दाराने घरात आलं. पोथी बदलली, पोथीनिष्ठा राहिली.

याला हेन्स यांच्याकडे एक उत्तर आहे आणि ते त्यांच्या सिद्धांतात नसून त्यांच्या हातात आहे. जुन्या ओबोला दोन-तीनच चाव्या. बाकीचे अर्धस्वर बोटं आडवी-तिडवी टाकून काढायचे. असा स्वर दबका, झाकोळलेला येतो. म्हणजे या वाद्यावर सगळे स्वर एका वजनाचे वाजूच शकत नाहीत. वाद्यच वादकाला सांगतं, की बाबा, इथे जोर, इथे माघार. हे शब्दप्रामाण्य नव्हे, प्रत्यक्ष आहे. २००१ च्या ‘द एलोक्वंट ओबो’ या ग्रंथाची खरी ताकद आम्हाला यात दिसते. २००७ च्या पुस्तकापेक्षा तो आम्ही वरचा मानतो, जरी वाचक त्याला कमी मिळाले असतील.

पण प्रत्यक्षालाही छिद्र आहे. त्या काळातल्या रीड फारच थोड्या उरल्या. वादक आज रीड करतो ती स्वतः, स्वतःच्या कानाला पटेल अशी. आणि हा कान विसाव्या शतकात वाढलेला. रिचर्ड तारुस्किन यांनी हाच आक्षेप साऱ्या चळवळीवर घेतला होता: तुम्ही जुनं म्हणता ते आधुनिकच आहे. हेन्स यांनी तो अर्धा मान्य केला. आधुनिक तेवढं त्या ‘नाकासमोर’वाल्यांच्या पदरात टाकलं आणि आपली शैली मोकळी करून घेतली. ही वाटणी आम्हाला फार सोयीची वाटते.

एका बाबतीत मात्र दाद दिली पाहिजे. त्यांचं म्हणणं होतं की शैली खरोखर अंगी बाणली असेल तर त्या शैलीत आज नवी रचनाही करता आली पाहिजे. जगात एवढं म्हणून थांबणारे पुष्कळ. हेन्स यांनी बाखच्या कँटाटांतला मजकूर घेऊन सहा नवे ब्रांडेनबुर्ग कॉन्चेर्टो रचले, सातवा ते बारावा. सोवळ्यातल्या लोकांना हे रुचणार कसं! पण बाखने स्वतः तिसऱ्या ब्रांडेनबुर्गचा पहिला भाग एका कँटाटात वापरला होताच. हेन्स उलट्या वाटेने गेले एवढंच. तरी आमचा एक मुद्दा राहतोच: सूर बाखचे, बांधणी हेन्स यांची. सिद्धांत नवी रचना मागत होता, कृती पुनर्बांधणीपाशी थांबली.

शेवटचं पुस्तक, ‘द पथेटिक म्युझिशियन’, २०१६ साली आलं. हेन्स यांचं अपुरं हस्तलिखित जेफ्री बर्जेस यांनी पुरं केलं, तेही ओबोवादकच. दोघांनी ओबोवर आधी एक पुस्तक मिळून लिहिलेलं होतं, एकमेकांच्या लिहिण्याची सवय होती. आता प्रश्न असतील तर घेऊ या.