वांग्याची सुनावणी आणि न विचारलेले प्रश्न

‘विज्ञान : शाप की वरदान?’ हा निबंध कधीच न दिलेला शिक्षक विरळा. मुले अर्धे पान वरदानावर आणि अर्धे शापावर लिहितात, आणि ‘वापरणाऱ्यावर अवलंबून आहे’ असे म्हणून मोकळी होतात. निबंधापुरते हे चालून जाते. पण नव्या तंत्रज्ञानावरची आपली सार्वजनिक चर्चाही बहुधा याच साच्यातली असते, आणि तिथे मात्र ते महागात पडते.

उदाहरण नागपूरचेच घेऊ. २०१० च्या जानेवारी-फेब्रुवारीत तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी बीटी वांग्यावर देशातील सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या. त्यांपैकी एक नागपुरात झाली. सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारात वांगी निवडून घेणाऱ्या गृहिणीला आणि कापूस-संशोधकाला एकाच सभागृहात बोलता यावे, अशी सोय आपल्याकडे क्वचितच होते. ९ फेब्रुवारीला मंत्र्यांनी बीटी वांग्याला स्थगिती दिली आणि आपली कारणे लेखी प्रसिद्ध केली. एवढ्याबद्दल त्यांना श्रेय द्यायलाच हवे.

पण ही सुनावणी म्हणजे मूल्यमापन नव्हे. केंद्राच्या जनुक अभियांत्रिकी मान्यता समितीने १४ ऑक्टोबर २००९ रोजीच वांग्याला हिरवा कंदील दाखवला होता. लोकांना विचारले ते नंतर. समितीपुढची चाचण्यांची माहितीही बहुतांशी जालन्याच्या महिको कंपनीने केलेल्या किंवा करवून घेतलेल्या प्रयोगांची होती. विद्यार्थ्याने प्रयोगवही स्वतःच लिहावी हे खरे, पण प्रयोग झाला की नाही हे पाहायला परीक्षक लागतोच. मंत्र्यांनी मग देशातील सहा विज्ञान अकादमींकडे मत मागितले. सप्टेंबर २०१० मध्ये आलेल्या त्यांच्या अहवालात बीटी पिकांची बाजू घेणाऱ्या एका लेखातले उतारेच्या उतारे जसेच्या तसे निघाले! डिसेंबरात सुधारित अहवाल काढावा लागला. आपल्या वर्गात असे झाले असते तर आपण काय केले असते?

खरे प्रश्न कोणते असायला हवे होते, ते विदर्भातला कापूस सांगतो. बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली. बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूतील जनुकामुळे झाडात एक प्रथिन तयार होते आणि ते बोंडअळीच्या आतड्यात विषारी ठरते. मात्र सगळीकडे तेच विष असले, की ते पचवणाऱ्या मोजक्या अळ्याच उरतात आणि त्यांचीच प्रजा वाढते. म्हणून बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅम साधे बियाणे देण्याची पद्धत पडली. ते कडेने पेरायचे, म्हणजे तिथे वाढलेल्या साध्या किडींशी संकर होऊन प्रतिकारशक्ती पातळ होत राहते. शास्त्र अगदी बरोबर आहे. पण चार-पाच एकरांच्या कोरडवाहू वावरात, डोक्यावर कर्ज असताना, आपल्या हाताने अळीसाठी कपाशी कोण पेरील? हा प्रश्न जीवशास्त्राचा नाही, समाजाचा आहे. तो परवानगीआधीच गांभीर्याने विचारायला हवा होता. गुलाबी बोंडअळी पहिल्या पिढीच्या बीटीला दाद देत नाही, हे मार्च २०१० मध्ये गुजरातच्या बाबतीत कंपनीनेच कबूल केले. २०१७ मध्ये तिने विदर्भातली बोंडे पोखरली, आणि त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसे दगावली.

असे प्रश्न आधी विचारण्यासाठीच अमेरिकी संसदेने १९७२ मध्ये तंत्रज्ञान मूल्यमापन कार्यालय स्थापन केले. त्याच्या नियामक मंडळात दोन्ही पक्षांचे समसमान, असे बारा संसद सदस्य असत. ‘हे करा’ असे ते सांगत नसे. पर्याय आणि त्यांचे परिणाम मांडत असे. सुमारे ७५० अहवालांनंतर १९९५ मध्ये पैसा तोडून ते बंद करण्यात आले. खरे बोलणारी संस्था कोणालाच फार काळ परवडत नसावी! डेन्मार्कमधली पद्धत मला अधिक आवडते : सामान्य नागरिकांचा एक गट आधी विषय वाचतो, तज्ज्ञांची उलटतपासणी घेतो आणि निष्कर्ष स्वतः लिहितो. १९८७ मध्ये त्यांनी पहिला विषय घेतला तो उद्योग आणि शेतीतील जनुक तंत्रज्ञानाचाच.

आपल्याकडे १९८८ पासून टायफॅक आहे. तिच्या नावात ‘मूल्यांकन’ हा शब्द आहे, पण ती विज्ञान व तंत्रज्ञान विभागाखाली, म्हणजे तंत्रज्ञान पुढे नेणाऱ्यांच्याच घरात आहे. सरकारी असणे म्हणजे स्वतंत्र असणे नव्हे. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेनेही स्वतःचे बीटी वाण काढले होते. २०१० मध्ये मान्यता समितीच्या नावातील ‘मान्यता’ जाऊन ‘मूल्यमापन’ आले. पाटी बदलली, मंत्रालय तेच राहिले. जुलै २०२४ मध्ये जनुकीय मोहरीवर सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचे मत दुभंगले. राष्ट्रीय धोरण हवे, यावर मात्र दोघांचे एकमत झाले.

दरम्यान जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात शेतकऱ्यांनी तणनाशक सहन करणारे, परवानगी नसलेले कापूस-बियाणे जाहीरपणे पेरले. तणनाशक फवारले की निंदणाचे काम उरत नाही. निंदणाला जाणाऱ्या बायांच्या मजुरीचे त्याने काय होईल, हे मोजण्याचे काम कायद्याने आजही कोणाकडे सोपवलेले नाही.