नाक, अंगठा आणि कागदावरची रेघ

प्लास्टिक सर्जरी म्हटलं की आपल्याला आधी नट-नट्या आठवतात. मग कोणीतरी समजावतं, की अहो, तिचे दोन प्रकार असतात. एक पुनर्रचनेची, म्हणजे गरजेची. दुसरी सौंदर्याची, म्हणजे हौसेची. आज आम्हाला ही विभागणीच तपासायची आहे. ती खोटी नाही. पण विम्याच्या आणि कराच्या कागदावर ती ज्या शब्दांत येते, ते शब्द नीट वाचायला हवेत. भोसरी, तळवडे, चाकण या पट्ट्यातल्या लोकांनी तर जास्तच, कारण प्रेस मशीनवर बोट गेलेला माणूस इथे कोणाच्या ना कोणाच्या ओळखीत असतोच.

आधी नावाबद्दल. यातलं 'प्लास्टिक' म्हणजे आपली बादली नव्हे. घडवणं, आकार देणं अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ते आलं. एडुआर्ड झाइस या जर्मन शल्यविशारदाने 1838 मध्ये आपल्या ग्रंथाच्या नावात तो शब्द घेतला. बादलीचं प्लास्टिक नंतर आलं.

आता एक जुना मजकूर पाहू. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'च्या ऑक्टोबर 1794 च्या अंकात एक पत्र छापलेलं आहे. कावसजी नावाचा मराठा शेतकरी 1792 च्या लढाईत इंग्रजी फौजेकडे बैल हाकायला होता. तो टिपूच्या कैदेत सापडला आणि त्याचं नाक व एक हात कापला गेला. वर्षाहून जास्त काळ तो तसाच राहिला. मग पुण्याजवळ एका माणसाने त्याला नवं नाक करून दिलं. नाकाच्या मापाचा मेणाचा पातळ तुकडा करायचा, तो कपाळावर ठेवून कड आखायची, तेवढी कातडी सोडवायची, पण दोन डोळ्यांमध्ये तिची एक पट्टी जोडलेलीच ठेवायची. त्या पट्टीतून रक्त येत राहतं, म्हणून कातडी जगते. मग ती वळवून खाली बसवायची. वरून काथाच्या लेपाच्या पट्ट्या, नंतर तुपात भिजवलेलं कापड. सुमारे पंचविसाव्या दिवशी ती जोडपट्टी कापायची. हा मजकूर वाचून लंडनमध्ये जोसेफ कार्प्यूने 1814 मध्ये असंच नाक केलं आणि 1816 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं.

या पत्रावर आमची पहिली तक्रार अशी, की त्यात रुग्णाचं नाव आहे, ही शस्त्रक्रिया पाहिलेल्या इंग्रज डॉक्टरांची नावं आहेत, पण ज्याने नाक केलं त्याची फक्त जात आहे: विटा पाडणाऱ्यांपैकी एक. त्याचं नाव विचारून घ्यावं असं लिहिणाऱ्याला वाटलं नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. कावसजीची शस्त्रक्रिया गरजेची की हौसेची? त्याला कंपनीकडून पेन्शन होतं, पोटाचा प्रश्न नव्हता. नाक कापणं म्हणजे काय, हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. ती शिक्षाच बेअब्रूसाठी असते. म्हणजे त्याला चेहरा परत हवा होता, चारचौघांत जायला. 'दिसण्यासाठी' म्हणायचं तर हे दिसण्यासाठीच. पण त्याच पत्रात एक बारीक तपशील आहे. दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे घालायचे, वाट उघडी राहावी म्हणून. म्हणजे त्या कारागिराने रूप आणि श्वास वेगळे मानले नाहीत. एकाच हाताने दोन्ही सांभाळले.

आणि कावसजीचा हात? तो मात्र कोणालाच परत देता आला नाही.

तिथून आपण आपल्या पट्ट्यात येतो, कारण इथे हातच जातो. अंगठा गेला तर पकडच जाते. मग सूक्ष्मशल्यक्रियेने पायाचा अंगठा किंवा बोट हातावर लावता येतं. रक्तवाहिन्या, नसा, कंडरा सगळं जोडायचं. ते दिसायला हुबेहूब नसतं, पण स्क्रू धरता येतो. उलट, सिलिकॉनचं बोट हुबेहूब दिसतं, पण ते स्वतः वाकत नाही. तरी लग्नाच्या वयाचा पोरगा ते मागतो. त्याला आपण हौशी म्हणायचं का?

कायद्यानेही हा प्रश्न हाताळलाय. 1923 च्या कामगार भरपाईच्या कायद्याला जोडलेल्या यादीत अंगठा जाण्याला कमाईची क्षमता 30 टक्के गेली असं धरलंय, एका हाताची चारही बोटं गेली तर 50 टक्के. आणि चेहरा अतिशय विद्रूप झाला तर? 100 टक्के. दोन्ही हात गेल्याइतकं. म्हणजे चेहऱ्यावरही माणसाची रोजी अवलंबून असते, हे त्या यादीने मान्य केलं आहे.

मग आजचे कागद काय म्हणतात? 2017 च्या जीएसटी अधिसूचनेत आरोग्यसेवेच्या करमाफीतून कॉस्मेटिक आणि प्लास्टिक सर्जरी वगळली आहे. पण जन्मजात दोष, वाढीतली विकृती किंवा इजा यांनी बिघडलेली शरीराची रचना *किंवा* कार्य परत आणायचं असेल, तर माफी मिळते. 'किंवा' हा शब्द मोलाचा आहे. विमा नियामकाने 2019 मध्ये ठरवून दिलेल्या कलमात मात्र यादी वेगळी आहे: अपघात, भाजणं, कर्करोग, नाहीतर आरोग्याला थेट आणि तातडीचा धोका. जन्मजात दोषाचं नाव त्यात नाही. म्हणजे दुभंगलेल्या ओठाच्या बाळावरची तीच शस्त्रक्रिया एका कागदावर स्पष्टपणे पुनर्रचना ठरते, दुसऱ्यावर वाद घालावा लागतो. ओठ तोच, टाके तेच.

कोणी म्हणेल, रेघ कुठेतरी ओढावीच लागेल. बरोबर आहे. ज्याचं काही गेलेलं नाही, त्याच्या नाकाच्या ठेवणीचा खर्च सगळ्या विमाधारकांनी का द्यावा? आणि तो स्वतःच्या पैशाने करून घेत असेल तर त्याला नाक मुरडण्याचंही कारण नाही. आमचा आक्षेप रेघेला नाही. तिच्या एका बाजूला 'काम' आणि दुसऱ्या बाजूला 'दिसणं' अशा पाट्या लावण्याला आहे. रेघ ओढायचीच तर काय गमावलं होतं, या प्रश्नावर ओढा.

जाता जाता एक व्यवहाराची गोष्ट. तातडीच्या धोक्याच्या बाबतीत ते कलम उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं प्रमाणपत्र मागतं. म्हणून घरातल्या कोणावर अशी वेळ आली, तर केसपेपरवर नुसतं 'प्लास्टिक सर्जरी' लिहून घेऊ नका. इजा कशाने झाली, काय गेलं, काय करता येत नाही, हे डॉक्टरांकडून सविस्तर लिहून घ्या. प्रत जपून ठेवा. कावसजीच्या पत्रात कारागिराचं नाव राहून गेलं. तुमच्या कागदात तुमचं नुकसान राहून जाऊ नये.

आता प्रश्न घेऊ.